नाइटिंगेलबाईंचा कंदील

थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे वर्गात सांगत असता शिक्षकास चित्राचा आधार घ्यावा लागतो, आणि चित्रातील एखादी वस्तू मुलांच्या मनात त्या व्यक्तीशी कायमची जोडली जाते. टिळक म्हटले की पगडी आणि गांधीजी म्हटले की काठी, त्याचप्रमाणे फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्या इंग्रज परिचारिकेचे नाव निघाले की हातातील दिवा डोळ्यांपुढे येतो. पुस्तकांतून, भिंतीवरच्या तक्त्यांतून आणि परिचारिकांच्या बिल्ल्यांवरूनही हा दिवा आपण पाहिलेला असतो. एका बाजूस चोच, दुसऱ्या बाजूस मूठ, मध्ये तेलाचे पसरट पात्र आणि चोचीच्या टोकाशी उघडी ज्योत, असा त्याचा घाट असतो. अल्लाउद्दिनाच्या गोष्टीतील जादूचा दिवा मुले असाच काढतात.

हा दिवा नाइटिंगेलबाईंच्या हाती कधीच नव्हता. त्यांच्या हाती होता तो तुर्की घडीचा कंदील. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. दिवा कोणत्या आकाराचा होता ह्यावाचून चरित्राचे काय अडते, असा प्रश्न कोणी शिक्षकबंधू विचारतील तर तो गैर नाही. परंतु खऱ्या कंदिलाचा माग घेऊ लागलो म्हणजे तो आपणास अशा काही गोष्टींपाशी नेऊन पोहोचवितो की ज्या त्या खोट्या दिव्याच्या उजेडात आजवर दिसल्याच नाहीत. आणि त्यांतील एक गोष्ट तर थेट आपल्या खेड्यांपर्यंत येते.

प्रथम कंदिलाची रचना पाहू. लंडन शहरातील चेल्सी भागात असलेल्या राष्ट्रीय सेना-संग्रहालयात स्कुटारीच्या रुग्णालयातील अशा प्रकारचा एक कंदील जपून ठेवलेला आहे. त्याच शहरात सेंट टॉमस रुग्णालयाच्या आवारात नाइटिंगेलबाईंच्या नावाने जे संग्रहालय आहे, तेथेही ह्या जातीचा तुर्की कंदील पाहावयास मिळतो. वर एक व खाली एक अशा धातूच्या दोन गोल तबकड्या आणि त्यांच्यामध्ये मेण दिलेल्या पातळ कापडाचा नळकांडीसारखा पडदा, एवढाच काय तो सगळा कारभार. कापडास आडव्या चुण्या घातलेल्या असतात. बाजाच्या पेटीचा भाता ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ह्या चुण्या अधिक समजावून सांगावयास नकोत. कडी धरून वरची तबकडी उचलली की भाता उलगडतो आणि हातभर उंचीचा कंदील तयार होतो. खाली सोडली की सारे कापड घडीत बसून दोन तबकड्यांची एक चपटी डबी उरते. मेणबत्ती खालच्या तबकडीवर मध्यभागी उभी राहते आणि धूर व ऊब वरच्या तबकडीच्या छिद्रांवाटे निघून जाते.

तुर्कस्तानात ह्या वस्तूला फानूस म्हणतात. हा शब्द आपणास परका नाही. जुन्या मराठीत फानस, फाणस ही रूपे रूढ होती व वाड्यांतील हंड्या, झुंबरे आणि फाणस ह्यांची वर्णने जुन्या कागदांत आढळतात. मूळ ग्रीक भाषेतून अरबी-फारसीत आणि तेथून एका अंगाने तुर्कीत, तर दुसऱ्या अंगाने आपल्या भाषेत, असा ह्या शब्दाचा प्रवास झाला आहे. 'कंदील' हा शब्दही अरबीतूनच आपल्याकडे आला. इस्तंबूलच्या बाजारातील माणूस आणि पुण्याच्या तुळशीबागेतील माणूस हे दोघे दिव्याच्या बाबतीत एकमेकांचे शब्द थोडेफार ओळखू शकले असते, ही मौज मुलांना अवश्य सांगावी.

कापडाला मेण का देतात, ह्याचा उलगडा वर्गातच करता येईल. साध्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकावा व कागद खिडकीसमोर धरावा. तेलाचा डाग भोवतालच्या कागदापेक्षा उजळ दिसतो. कागदाच्या किंवा कापडाच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश वाटेत जागोजाग विखुरला जातो व त्यातील बराचसा मागे फिरतो. ती हवेची जागा तेलाने किंवा मेणाने भरली की विखुरणे कमी होते आणि प्रकाश अधिक प्रमाणात पलीकडे पोहोचतो. तरीही तो काचेतून यावा तसा सरळ येत नाही. सर्व बाजूंस सारखा, मंद आणि डोळ्यांस न खुपणारा असा येतो. शिवाय चुण्यांमुळे कापडास ताठपणा राहतो व ते आत झुकून ज्योतीला लागत नाही.

आता असा कंदील कोठे वापरला गेला ते पाहावे, म्हणजे उघड्या ज्योतीचा दिवा तेथे का चालला नसता हे ध्यानी येईल. इ. स. १८५३ ते १८५६ ह्या काळात रशियाच्या विरुद्ध तुर्कस्तान, इंग्लंड व फ्रान्स ह्यांचे युद्ध झाले. त्यातील मुख्य लढाया काळ्या समुद्रातील क्रिमिया द्वीपकल्पावर झाल्या म्हणून त्यास क्रिमियन युद्ध म्हणतात. जखमी व आजारी इंग्रज शिपायांना जहाजांत घालून काळ्या समुद्रापलीकडे बॉस्पोरसच्या काठी, इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावी आणीत. ह्या गावाचे तुर्की नाव उस्कुदार. तेथे तुर्की सैन्याची एक अवाढव्य बराक होती. मध्ये मोठे अंगण, भोवती मजल्यांवर मजले आणि कोपऱ्यांस मनोरे असा तिचा विस्तार होता. ती रुग्णालयासाठी बांधलेली नव्हती. शिपायांच्या राहण्यासाठी बांधलेली होती. तिच्या लांबच लांब पडव्यांतून दोन्ही अंगांस रोग्यांच्या रांगा लावलेल्या होत्या. नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांसह १८५४ च्या नोव्हेंबरच्या ४ तारखेस येथे येऊन पोहोचल्या, आणि दुसऱ्याच दिवशी क्रिमियात इंकरमनची घनघोर लढाई झाली. त्यानंतर जखमींची जहाजे येत राहिली व पडव्यांत पाय ठेवावयास जागा उरली नाही.

अशा पडवीतून रात्री जावयाचे म्हणजे वाऱ्याने विझणार नाही, हात हलला तरी ज्यातून तेल सांडणार नाही आणि जो जवळ नेला असता झोपलेल्या रोग्याच्या डोळ्यांवर तिरीप मारणार नाही असा दिवा हवा. काम झाले की तो मिटवून फळीवर ठेवता आला तर उत्तमच. घडीचा कंदील ह्या सर्व कसोट्यांस उतरतो. शिवाय तो गावात मिळणारा, स्वस्त आणि नित्याचा होता. बाईंनी तो काही मोठा विचार करून निवडला असे नव्हे. स्कुटारीत जो दिवा सर्वांच्या हाती होता तोच त्यांच्याही हाती आला. रात्रीच्या सगळ्या फेऱ्यांत एकच विशिष्ट कंदील त्यांच्याजवळ राहिला असेल असेही मानण्याचे कारण नाही. कापडाचा कंदील तो, आज एक जळे, उद्या दुसरा घेतला जाई. म्हणून संग्रहालयातील कंदिलाकडे पाहताना 'हाच तो' असा आग्रह न धरता 'असा तो' एवढे म्हणणे अधिक खरे.

मग चोचीचा दिवा आला कोठून? लंडनच्या 'टाइम्स' पत्राने युद्धातील रोग्यांसाठी निधी जमविला होता. त्या निधीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी स्कुटारीहून लिहिताना, सगळे डॉक्टर निजावयास गेल्यावर हाती लहानसा दिवा घेऊन एकट्याच फिरणाऱ्या बाईंचे वर्णन केले. ते वाचून वाचकांच्या अंतःकरणास पाझर फुटला. १८५५ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' ह्या सचित्र साप्ताहिकाने दिवा धरलेल्या बाईंचे चित्र छापले. पुढे अमेरिकन कवी लाँगफेलो ह्यांनी 'सांता फिलोमिना' ही कविता लिहिली व ती १८५७ च्या नोव्हेंबरात 'अटलांटिक मंथली' ह्या मासिकाच्या पहिल्याच अंकात प्रसिद्ध झाली. 'दिवा घेतलेली स्त्री' हे बिरुद त्या कवितेने जगभर नेले. ह्या सर्वांत दिवा आहे, परंतु दिव्याचा घाट कोणीच नीट सांगितलेला नाही. चित्रकार आणि शिल्पकार इंग्लंडात बसून काम करीत; त्यांच्या शिक्षणात ग्रीक व रोमन पुराणवस्तूंचा मोठा भाग असे. साध्वी स्त्रीच्या हाती दिवा द्यावयाचा तर तो ग्रीक दिवाच त्यांना शोभेसा वाटला. लंडनच्या वॉटर्लू प्लेस चौकात १९१५ साली बसविलेल्या आर्थर वॉकर ह्यांच्या पुतळ्यातही तसाच दिवा आहे. एकाने केलेले दुसऱ्याने पाहिले, दुसऱ्याचे तिसऱ्याने, आणि घडीचा कंदील मागे पडला.

येथपर्यंतची गोष्ट चित्रकारांच्या हौसेची झाली, आणि ती तेवढीच असती तर तिच्यासाठी ह्या पुस्तिकेची पाने खर्ची घालण्याचे प्रयोजन नव्हते. विचार करावयास लावणारी गोष्ट पुढेच आहे. ते प्रसिद्ध चित्र छापले गेले तो महिना कोणता? १८५५ चा फेब्रुवारी. त्याच फेब्रुवारीत स्कुटारीच्या रुग्णालयात मृत्यूचे प्रमाण कळसास पोहोचले होते. बाईंनी स्वतः पुढे मांडलेल्या हिशेबाप्रमाणे त्या महिन्यात उपचारास आलेल्यांपैकी शेकडा ४२.७ दगावले. त्या एका हिवाळ्यात तेथे चार हजारांहून अधिक शिपाई मरण पावले, आणि त्यांतील फार थोडे जखमांनी मेले. बाकीचे हगवण, पटकी, विषमज्वर व तशाच इतर साथींनी गेले. म्हणजे इंग्लंडातील घराघरांत लोक ज्या वेळी दिव्याच्या चित्रापुढे डोळे पुसत होते, नेमक्या त्याच वेळी दिव्याच्या उजेडात माणसे कधी नव्हती इतक्या प्रमाणात मरत होती.

ह्यात बाईंचा दोष काढावयाचा नाही. त्यांनी स्वयंपाकघर लावले, धुण्याची व्यवस्था केली, कपडे व भांडी मिळविली, मरणाऱ्यांची पत्रे लिहिली. हे सर्व खरे आहे व ते मुलांना सांगितलेच पाहिजे. परंतु बराकीच्या खाली मैल्याची गटारे तुंबलेली होती, त्यांची दुर्गंधी पडव्यांत येत होती, पिण्याचे पाणी दूषित होते आणि हवा कोंडलेली होती. कितीही प्रेमाने कपाळावर हात ठेवला तरी ह्यावर इलाज होण्यासारखा नव्हता. मार्च महिन्यात इंग्लंडहून आरोग्य-आयोग आला. डॉक्टर सदरलंड हे त्यातील प्रमुख. त्या मंडळींनी गटारे उपसून धुऊन काढविली, पाण्याची वाट तपासली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. पाण्याच्या एका वाटेत तर मेलेल्या घोड्याचे कुजलेले धड सापडले. त्यानंतर मृत्यूचे प्रमाण उतरत गेले आणि जूनमध्ये ते शेकडा २.२ वर आले. अन्नवस्त्राचा पुरवठा सुधारला, हिवाळा संपला, ही कारणेही त्याबरोबर जमेस धरावी लागतात. सगळे श्रेय गटारांस देणे हे सगळे श्रेय दिव्यास देण्याइतकेच एकांगी होईल.

ह्या आकड्यांचा खरा अर्थ बाईंनाही तेथे असताना पूर्णपणे उमगला नव्हता, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. १८५६ मध्ये परत आल्यावर विल्यम फार ह्या संख्याशास्त्रज्ञांच्या साह्याने त्यांनी सैन्याच्या मृत्यूंची कोष्टके तयार केली तेव्हा तो उमगला. ती कोष्टके पाहण्यासारखी आहेत. पूर्वेकडील साऱ्या इंग्रज सैन्यात १८५५ च्या जानेवारीत साथीच्या व टाळता येण्याजोग्या रोगांनी २७६१ माणसे मेली. जखमांनी मेली ती ८३. म्हणजे जखमेने एक मेला तेथे रोगाने तेहतीस. १८५६ च्या जानेवारीत त्याच रोगांनी मेलेल्यांची संख्या ४२ होती, आणि सैन्य मात्र पूर्वीपेक्षा मोठे होते.

मंत्री व सेनापती कोष्टके वाचीत नाहीत हे बाई जाणून होत्या. म्हणून १८५८ साली त्यांनी एक नवीन तऱ्हेची आकृती छापली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाचे बारा समान कोन. प्रत्येक महिन्याची पाकळी केंद्रापासून निघते आणि जितके मृत्यू अधिक तितकी ती बाहेर पसरते. रोगांचे मृत्यू निळ्या रंगात, जखमांचे तांबड्या, इतर कारणांचे काळ्या. निळा रंग इतका पसरलेला दिसतो की तांबडा शोधून काढावा लागतो. वरच्या इयत्तांच्या शिक्षकांना ह्यात गणिताचा एक चांगला धडा सापडेल. मृत्यूंची संख्या पाकळीच्या लांबीने नव्हे, तर क्षेत्रफळाने दाखविलेली आहे. म्हणून चौपट मृत्यूंस दुप्पट त्रिज्या पुरते. तेहतीसपट मृत्यूंस सुमारे पावणेसहापट. जानेवारीच्या ८३ साठी एक सेंटिमीटर त्रिज्या घेतली तर २७६१ साठी किती घ्यावी, हे मुलांकडून वर्गमूळ काढवून ताडून पाहावे आणि मग कंपासने पाकळी आखवून घ्यावी. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र-मंडळाने बाईंना सभासद करून घेतले. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. परिचारिकांच्या शिक्षणासाठी सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी काढलेली शाळा १८६० ची. तिची माहिती बहुतेक पुस्तकांत असतेच, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

ह्यापुढील भाग आपल्या देशाशी निगडित असूनही आपल्या चरित्रपाठांत क्वचितच येतो. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. परंतु आयुष्यातील सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ह्या देशाच्या आरोग्याचा विचार केला. आरंभ सैन्यापासून झाला. हिंदुस्थानातील इंग्रज फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये एक राजकीय आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १८६३ मध्ये बाहेर पडला. त्यासाठी देशातील छावण्याछावण्यांकडून प्रश्नावलीची उत्तरे मागविण्यात आली आणि ती आजाराने अंथरुणास खिळलेल्या बाईंनी आपल्या खोलीत बसून वाचून काढली. कित्येक वर्षांची सरासरी निघाली ती दर हजारी ६९ मृत्यूंची, तीही शांततेच्या काळात. हजारांच्या पलटणीतून वीस महिन्यांत ११५ माणसे, लढाई न होता! कारणे स्कुटारीचीच होती: घाण पाणी, निचरा नाही, दाटी. दहा वर्षांच्या सुधारणांनंतर हे प्रमाण १८ पर्यंत खाली आल्याचे बाईंनी १८७३ मध्ये नमूद केले.

फौजेची छावणी स्वच्छ करून भागत नाही, छावणीभोवतीचा गाव तसाच राहिला तर रोग परत येतो, हे त्यांनी लवकरच ओळखले. हळूहळू छावणी मागे पडली आणि गाव पुढे आला. दुष्काळ, पाटबंधारे, कुळांची स्थिती ह्यांवर त्यांनी लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी ह्यांच्या चरित्रास त्यांनी प्रस्तावना लिहिली. मुंबई इलाख्यात १८८९ साली ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, त्याकडेही त्यांचे लक्ष होते. परंतु पैशावाचून कायदा म्हणजे कोरडा कागद, हे ओळखून, गावातून गोळा होणाऱ्या करातला पहिला वाटा गावाच्या आरोग्याकडे लावावा असा आग्रह त्यांनी विलायत सरकारापाशी धरला. तो त्या वेळी मान्य झाला नाही. जिल्ह्याच्या व गावाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ह्या मागणीचे मोल समजावून सांगावयास नको.

बाईंच्या वयाची सत्तरी उलटल्यानंतरचे त्यांचे लेख विशेष लक्षणीय आहेत. १८९३, १८९४ आणि १८९६ साली त्यांनी हिंदी खेड्यांतील आरोग्यावर जे लिहिले, त्याचा रोख हुकूम आणि दंड ह्यांवर नसून शिकविण्यावर आहे. गावकऱ्यांवर सक्ती करण्यापूर्वी त्यांना कारण दाखवून द्या, हे त्यांचे मुख्य म्हणणे. त्यासाठी त्यांनी सुचविले की, लोकांच्या चालीरीतींविषयी आस्था असणारे व्याख्याते गावोगाव जावेत, त्यांनी लोकांत मिसळावे आणि पडद्यावर चित्रे टाकणाऱ्या जादूच्या कंदिलाने दूषित पाण्यातील व हवेतील सूक्ष्म जीव त्यांना प्रत्यक्ष दाखवावेत.

जादूचा कंदील म्हणजे काय हे आजच्या तरुण शिक्षकांपैकी अनेकांनी पाहिलेले नसेल. एका पेटीत दिवा, त्याच्यापुढे भिंग, दोहोंच्या मध्ये काचेवर काढलेले चित्र. अंधाऱ्या खोलीत समोरच्या पांढऱ्या पडद्यावर ते चित्र कित्येक पटींनी मोठे होऊन पडते. चित्रपट येण्यापूर्वी लोकशिक्षणाचे हे एक प्रभावी साधन होते. नाइटिंगेलबाईंचे नाव ज्याच्याशी जोडावे असा हा दुसरा कंदील, आणि आमच्या मते योग्यतेने तो पहिल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. पहिल्याने त्या अंधारात रोग्याचा चेहरा पाहत. दुसऱ्याने गावाला त्याच्या विहिरीतले पाणी दाखवावे अशी त्यांची इच्छा होती. पहिल्याची कविता झाली, पुतळे झाले. दुसऱ्याचे चित्र कोणीच काढले नाही.

मुलामुलींपैकी काहींना पुढे परिचारिका होण्याची इच्छा असते. परिचारिकांच्या शिक्षणसंस्थांतून शपथविधीच्या वेळी दिवा लावण्याची प्रथा आहे, भारत सरकारने १९७३ पासून उत्तम परिचारिकांसाठी नाइटिंगेलबाईंच्या नावे राष्ट्रीय पुरस्कार ठेवला आहे, आणि त्यांचा जन्मदिवस १२ मे हा जगभर परिचारिका-दिन म्हणून पाळला जातो, ही माहिती अशा मुलांना उपयोगी पडेल. जन्मदिवस आपल्या उन्हाळी सुटीत येतो. ज्यांना शाळा चालू असताना निमित्त हवे त्यांनी ४ नोव्हेंबर, म्हणजे त्या स्कुटारीस पोहोचल्या तो दिवस, किंवा १३ ऑगस्ट हा १९१० मधील त्यांचा मृत्युदिन घ्यावा. नोव्हेंबरचा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो व आकाशकंदिलांचे सामान तेव्हा घरोघरी असते, ही सोयीची गोष्ट.

त्या वेळी हस्तव्यवसायाच्या तासाला घडीचा कंदील करून पाहावा. पुठ्ठ्याच्या वीतभर व्यासाच्या दोन चकत्या कापाव्यात. वरच्या चकतीस मध्यभागी रुपयाएवढे भोक ठेवावे. चकतीच्या परिघापेक्षा दोन बोटे अधिक लांबीची आणि हातभर रुंदीची पतंगाच्या कागदाची पट्टी घेऊन तिला लांबीच्या दिशेने एकसारख्या, बोटभर रुंदीच्या उलटसुलट चुण्या घालाव्यात, मग तिची दोन टोके खळीने जोडून गोल करावा आणि वरखाली चकत्या चिकटवाव्यात. कागदास तेलाचा हात अगदी हलका द्यावा. फार दिल्यास खळ धरत नाही, म्हणून चिकटविण्याच्या कडा कोरड्या सोडाव्यात. तेल पाजलेला कागद भराभर पेट घेतो, यास्तव आत मेणबत्ती मुळीच लावू नये. लहान विजेरी उभी करून ठेवावी. वर्गाची दारेखिडक्या लावून अंधार केला म्हणजे हा कंदील आणि साधी उघडी विजेरी ह्यांच्या उजेडातील फरक मुलांना आपोआप दिसेल. काम झाल्यावर कंदील चपटा करून तक्त्यांच्या कपाटात ठेवावा. उंदरांपासून जपला तर पुढच्या वर्षीच्या वर्गालाही तोच चालतो.